गढूळ पाणी निवळायचा क्रम: आधी तुरटी, मग वाळू-कोळसा, टीसीएल सगळ्यात शेवटी

मृग बरसला की विहिरीचं आणि नाल्याकाठच्या झिऱ्याचं पाणी चहासारखं होतं. मग घरोघरी एकच प्रकार: तुरटीचा खडा हातात धरून गुंडात (पाणी भरायच्या मोठ्या भांड्यात) चार वेळा फिरवायचा, त्यातच टीसीएलची (जंतू मारायच्या ब्लीचिंग पावडरची) चिमूट टाकायची, अर्ध्या तासानं वरचं पाणी गाळून माठात ओतायचं. पाणी थोडं उजळतं, पण निवळत नाही. मग तुरटी वाढवतात, पाणी तुरट लागायला लागतं आणि गढूळपणा तसाच राहतो.

बहुतेक वेळा तुरटी कमी पडलेली नसते. ती मोजलेली नसते, ढवळणं चुकलेलं असतं, किंवा टीसीएल आणि कोळसा उलट्या क्रमानं आलेले असतात. खालचा हिशेब २०० लिटरच्या ड्रमचा आहे. २० लिटरच्या गुंडासाठी प्रत्येक मापाचा दहावा भाग घ्या.

## आधी एवढं समजून घ्या

आपली काळी माती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांचे कण. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत, अधांतरी तरंगत राहतात. यालाच कलिल म्हणतात. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा मातीचा कण थंड, स्थिर पाण्यात फूटभर खाली यायला साधारण चार दिवस लागतात. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या कणाला हिशेबानं वर्षाहून जास्त लागेल, आणि प्रत्यक्षात तो खाली येतच नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात. रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळीही तसंच दिसतं ते यामुळे.

दुसरी अडचण विद्युतभाराची. या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोन कण जवळ आले की एकमेकांना ढकलतात, म्हणून ते गोळा होत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धन भाराचं, तेही तिप्पट. ते कणांच्या पृष्ठभागावर चिकटून भार मारतं. असा विरुद्ध भार जितका जास्त तितका क्षार कमी लागतो, हा हार्डी-शुल्झ नियम. रसायनशास्त्राच्या पुस्तकात नेहमी येणाऱ्या आर्सेनिक सल्फाइडच्या कलिलाला साकळवायला रेणूंच्या हिशेबानं मिठापेक्षा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड सुमारे पाचशे पट कमी पुरतं. शिवाय तुरटीपासून पाण्यात जेलीसारखा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो. खाली बसताना तो उरलेले कण जाळ्यासारखे ओढून नेतो.

कोळशाचं काम वेगळं. वास, रंग, काही सेंद्रिय पदार्थ त्याच्या भोकांच्या भिंतींवर चिकटून राहतात. हे अधिशोषण. स्पंज पाणी पितो ते शोषण, पदार्थ आत शिरतो. अधिशोषणात तो फक्त पृष्ठभागावर बसतो, म्हणून जागा भरली की काम बंद. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर कोळशाच्या निम्म्या चुका टळतात.

तपासणी: काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि अंधाऱ्या खोलीत बाजूनं टॉर्च मारा. पाण्यात उजेडाचा पट्टा स्पष्ट दिसला तर कलिल आहे. हीच तपासणी शेवटपर्यंत कामाला येईल.

## १. कशाला हात लावायचा नाही, ते आधी ठरवा

तुरटी आणि कोळसा सगळ्या पाण्यावर चालत नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातला खारेपणा दोन्हींपैकी कशानंही जात नाही, कारण मीठ विरघळलेलं असतं, कलिल नसतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या बोअरला फ्लोराइड आहे तिथेही घरगुती मापाची तुरटी निरुपयोगी. असं पाणी उकळलं तर उलट फ्लोराइड दाट होतं. नायट्रेटचंही तेच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही हद्द आहे. ग्रामपंचायतीकडून किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या.

शेतात फवारणी करताना ज्या विहिरीत औषध सांडलं, तिचं पाणी घरगुती कोळशावर विसंबून पिऊ नका. कोळसा काही औषधं धरतो हे खरं, पण किती धरली हे घरी मोजता येत नाही.

## २. भांडी आणि सामान

- तोटीचा २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम. तोटी तळापासून १० ते १५ सेंटिमीटर वर हवी.
- ४० ते ५० लिटरचा उंच, अरुंद ड्रम, व्यास साधारण ३० सेंटिमीटर. याला तळाशी तोटी.
- लाकडी वल्हं किंवा बांबूची पट्टी, ड्रमच्या तळापर्यंत पोचेल अशी.
- एकसारख्या पाच पारदर्शक बरण्या, प्रत्येकी लिटरभराच्या.
- सुई नसलेली १० मिलिलिटरची पिचकारी. औषधाच्या दुकानात मिळते.
- पाण्याचा आंबटपणा दाखवणारा पीएच कागद, क्लोरीन तपासायचा क्लोरोस्कोप. क्लोरोस्कोप ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतो.

इशारा: कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा ड्रम कितीही वेळा धुतला तरी घेऊ नका. औषध प्लास्टिकच्या पृष्ठभागाला धरून राहतं आणि हळूहळू सुटत जातं. साबणाचा वास आला म्हणजे औषध गेलं असं होत नाही.

## ३. तुरटीचं मोजकं पाणी

किराणा दुकानातून १०० ग्रॅम तुरटी घ्या, कुटा आणि दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १० ग्रॅमच्या दहा पुड्या करून घ्या. एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. आता या पाण्याच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आहे. बाटलीवर तारीख लिहा, आठ दिवसांत संपवा.

खडा फिरवण्यात खोट काय? खडा हळू झिजतो. किती तुरटी गेली हे कळत नाही, आणि खड्याजवळच्या पाण्यात ती भरमसाठ तर कडेला काहीच नाही. त्या एवढ्याशा जागेत भार उलटून कण पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात.

पाणीपुरवठ्याकडची राखाडी लादीची तुरटी वजनाला वजन लावलं तर किराण्याच्या पांढऱ्या तुरटीपेक्षा जोरदार असते. एकीचं माप दुसरीला लावू नका, पुढची चाचणी नव्यानं करा.

## ४. पाच बरण्यांची चाचणी

हा टप्पा सगळेच गाळतात, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. विहिरीचं पाणी दर पावसागणिक बदलतं, म्हणून शेजारच्याचं माप तुमच्या पाण्याला लागू पडत नाही.

आधी पाणी ड्रममध्ये रात्रभर ठेवा म्हणजे वाळू आणि जड गाळ बसेल. सकाळी वरचं पाणी पाच बरण्यांत प्रत्येकी एक लिटर घ्या आणि पिचकारीनं तुरटीचं पाणी घाला: पहिलीत २ मिलिलिटर, दुसरीत ४, मग ६, ८ आणि १०. म्हणजे लिटरला २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिलिग्रॅम.

प्रत्येक बरणी एक मिनिट जोरात ढवळा. मग दहा मिनिटं अगदी सावकाश, मिनिटाला २० ते ३० फेऱ्या. मग अर्धा तास हात लावू नका.

आता जवळून बघा. दोन-तीन मिनिटांत पाण्यात साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे बारीक पुंजके दिसायला लागतात. दूध फाटतं तसं पाणी फाटलं पाहिजे: पुंजके वेगळे, मधलं पाणी वेगळं. एखाद्या बरणीत पुंजके आहेत पण मधलं पाणी अजून दुधाळ आहे, तर तुरटी कमी. कमी मापाच्या बरणीत पाणी स्वच्छ आणि जास्त मापाच्या बरणीत पुन्हा धूसर, तर त्या बरणीत तुरटी जास्त झाली: कणांचा भार उलटला किंवा पाणी फार आंबट झालं.

ज्या सगळ्यात कमी मापात टॉर्चचा पट्टा जवळजवळ दिसेनासा होतो, तेच तुमचं माप. दोन बरण्या सारख्याच दिसल्या तर कमी मापाची निवडा.

तपासणी: पाचांपैकी एकाही बरणीत पुंजके नाहीत? पीएच कागद बुडवा. ६ च्या खाली गेला असेल तर पाण्यात तुरटीचा आंबटपणा मारणारे क्षार नाहीत. छतावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात हे हमखास होतं. काळ्या मातीतल्या विहिरींना सहसा होत नाही. उपाय चुन्याची निवळी. तुरटीच्या वजनाच्या साधारण पाव भाग विरलेला चुना लागतो. १२ ग्रॅम तुरटीला ३ ग्रॅम, म्हणजे चुन्याच्या स्वच्छ निवळीचे साधारण २ लिटर. निवळी आधी घालून ढवळा, तुरटी नंतर. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये राहिला पाहिजे.

## ५. ड्रममध्ये तुरटी

समजा तुमचं माप लिटरला ६० मिलिग्रॅम आलं. २०० लिटरला १२ ग्रॅम तुरटी, म्हणजे बाटलीतलं १ लिटर २०० मिलिलिटर. २० लिटरच्या गुंडाला १२० मिलिलिटर.

१. वल्ह्यानं पाणी जोरात फिरवायला लागा.
२. फिरत्या पाण्यात तुरटीचं पाणी कडेकडेनं, अर्ध्या मिनिटात ओता.
३. एक मिनिट आणखी जोरात ढवळा. तुरटी सगळीकडे पोचायला एवढा वेळ पुरतो.
४. वेग उतरवा आणि पंधरा मिनिटं सावकाश ढवळा.
५. वल्हं काढा, झाकण लावा, दीड ते दोन तास ड्रम हलवू नका.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि कंटाळवाणी असल्यामुळे सगळ्यात जास्त गाळली जाते. कण एकमेकांना भेटल्याशिवाय पुंजका मोठा होत नाही, आणि भेटायला हालचाल लागते. पण जोर जास्त झाला की झालेले पुंजके मोडतात, आणि मोडलेला पुंजका पहिल्यासारखा नीट जुळत नाही. ताक घुसळताना लोण्याचे गोळे दिसायला लागले की रवीचा वेग कमी करतात, अगदी तसंच.

इशारा: ढवळून झाल्यावर "अजून निवळलं नाही" म्हणून वरून पुन्हा तुरटी टाकू नका. ढवळणं कमी पडलं असेल तर दहा मिनिटं सावकाश ढवळा. तरीही नाही झालं तर चाचणी पुन्हा करा.

थंडीत पुंजके उशिरा धरतात. हिवाळ्यात सावकाश ढवळणं वीस-पंचवीस मिनिटांवर न्या.

शेवग्याच्या बियांचं किंवा निवळी नावाच्या झाडाच्या बियांचं पाणी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: शेवग्याच्या बीतली धन भाराची प्रथिनं मातीवर तुरटीसारखंच काम करतात. पण बीमधले बाकीचे सेंद्रिय पदार्थ पाण्यात राहतात आणि एक-दोन दिवसांत वास येतो. असं पाणी त्याच दिवशी संपवा.

## ६. कोळसा निवडणं आणि धुणं

लाकडी कोळसा हवा. बाभळीचा चालतो, इस्त्रीवाल्याकडचा चालतो, नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा मिळाला तर उत्तम. वणी, चंद्रपूर, उमरेडकडचा दगडी कोळसा अजिबात नको. त्यात गंधक आणि इतर क्षार असतात, आणि तो पाण्यात त्याचंच काही सोडतो. चुलीतला अर्धवट जळालेला कोळसाही नको. त्याची भोकं डांबरानं बुजलेली असतात, आणि अधिशोषणाचं सगळं काम त्या भोकांच्या भिंतींवर चालतं. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग असतो. घरच्या लाकडी कोळशाचा त्याहून बराच कमी, म्हणून तो लवकर भरतो.

तपासणी: दोन पेल्यांत पाणी घ्या, प्रत्येकात फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे दोन थेंब. एकात धुतलेल्या कोळशाची दोन चमचे पूड घालून पंधरा मिनिटं ढवळा आणि फडक्यातून गाळा. रंग स्पष्ट फिका झाला तर कोळसा कामाचा. दोन्ही पेले सारखेच निळे राहिले तर तो चुलीत घाला.

कोळसा मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढा फोडा. भुकटी चाळून टाका. पाणी काळं येणं थांबेपर्यंत धुवा. मग रात्रभर भिजत ठेवा. कोरड्या कोळशाच्या भोकांत हवा असते. तसाच भरला तर तो तरंगतो, थरात वाटा पडतात आणि पाणी कोळशाला न शिवताच त्या वाटांनी खाली जातं.

## ७. गाळणीचा ड्रम भरणं

खालून वर: ५ सेंटिमीटर धुतलेली गोटी (गोल खडे), मग ३० सेंटिमीटर कोळसा, त्यावर १० सेंटिमीटर धुतलेली नदीची वाळू, सगळ्यात वर चौपदरी कापड आणि भोकं पाडलेलं ताट. ताटामुळे पाणी पडल्यावर वाळूत खड्डा पडत नाही.

३० सेंटिमीटर व्यासाच्या ड्रममध्ये एवढा थर म्हणजे साधारण २० लिटर कोळसा. पाण्याला त्यात किमान दहा मिनिटं मिळाली पाहिजेत, म्हणून तोटीतून मिनिटाला २ लिटरहून जास्त पाणी येऊ देऊ नका. माप सोपं आहे: तोटीखाली लिटरची बाटली धरा. ती अर्ध्या मिनिटाच्या आत भरली तर तोटी कमी करा.

पहिले तीन-चार गुंड पाणी भांडी धुवायला वापरा.

इशारा: गढूळ पाणी थेट कोळशावर ओतू नका. मातीचे कण कोळशाच्या भोकांची तोंडं लिंपतात आणि आतला पृष्ठभाग वाया जातो. दोन पावसांतच गाळणी "बंद पडली" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक हेच झालेलं असतं. मोठ्या ड्रममध्ये तळाशी साचलेला साका येण्याआधी तोटी बंद करा. तळाचं शेवटचं पाणी सोडून द्यायची तयारी ठेवा.

## ८. टीसीएल सगळ्यात शेवटी

तुरटीनं पाणी स्वच्छ दिसतं, निर्जंतुक होत नाही. पुंजक्यांबरोबर काही जंतू खाली जातात, पण सगळे जात नाहीत. आणि कोळशाच्या ओल्या थरात जंतू वाढतात. म्हणून गाळणीतून आलेलं पाणी तसंच पिऊ नका.

टीसीएल कोळशाच्या आधी घातलं तर काय होतं? कोळसा क्लोरीन लगेच खातो. खाली येणाऱ्या पाण्यात क्लोरीन शून्य, आणि कोळशाच्या आयुष्यातला एक तुकडाही गेला. तुरटीच्या आधी, गढूळ पाण्यात घातलं तर क्लोरीन सेंद्रिय घाणीवर खर्च होतं आणि पुंजक्यांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाही.

५ ग्रॅम टीसीएल एक लिटर पाण्यात घोळा आणि चुना तळाशी बसू द्या. वरच्या नितळ पाण्यातलं १०० मिलिलिटर २०० लिटरला घाला, २० लिटरला १० मिलिलिटर. पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर हे माप बसतं. उघडी राहिलेली किंवा दमट पावडर कमजोर होते. ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग क्लोरोस्कोपनं तपासा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. उरलं नसेल तर पहिल्या मापाच्या निम्मं आणखी घाला आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघा.

टीसीएल मिळालं नाही तर उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, मग झाकून थंड करा.

इशारा: तुरटीचं दाट पाणी आणि टीसीएलचं दाट पाणी एका मगात एकत्र करू नका. तुरटीचं पाणी आंबट असतं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या, चमचे वेगळे.

## ९. चुकलं तर कुठे बघायचं

पाणी तुरट लागतं: तुरटी जास्त. पुंजके मोठे झाले पण तरंगतात: हवा अडकली आहे, फार जोरात आणि फेस येईपर्यंत ढवळलं. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं हिरवट पाणी असेल तर पुंजके मुळातच हलके असतात. तिथे वरचे पुंजके चाळणीनं काढा आणि बसायला चार तास द्या.

कोळशानंतरही पाण्याला मातीचा वास येतो: तोटी फार उघडी आहे, नाहीतर कोळसा भरला आहे. आधी तोटी बघा, तो फुकटचा उपाय आहे.

गाळणीतून पाणी येणं मंदावलं: वाळूचा वरचा २-३ सेंटिमीटर थर काढून धुवा. कोळशाला हात लावू नका.

## १०. कोळसा कधी बदलायचा

रोज ८० ते १०० लिटर पाणी जात असेल तर घरचा लाकडी कोळसा पावसाळ्यात महिना-दीड महिन्यानं बदला. त्याआधी वास परत आला तर त्याच दिवशी. उन्हात वाळवला किंवा उकळला तरी कोळसा पुन्हा नवा होत नाही. उन्हानं वर बसलेल्यापैकी थोडंच निघतं, आणि भट्टीतली उष्णता घरी मिळत नाही. काढलेला कोळसा वाळवून चुलीत जाळता येतो.

ड्रमच्या तळाचा साका विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, तो पुन्हा पाण्यातच जाईल. विहिरीपासून लांबच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ओता.